पर्ल स्क्रिप्टमधून सी लायब्ररीची फंक्शन्स कॉल करायची तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला बसून आम्ही करतो ते काम म्हणजे द्राक्षांच्या पॅकहाऊसमधले वजनकाटे, लेबल प्रिंटर, कोल्ड स्टोरेजचे सेन्सर हे सगळं कॉम्प्युटरला जोडून द्यायचं. यंत्रासोबत बहुतेक वेळा एक कंपाइल केलेली लायब्ररी आणि एक हेडर फाईल (लायब्ररीतली फंक्शन्स कुठली आणि त्यांना काय लागतं याची यादी) हातात पडते, सोर्स कोणी देत नाही, आणि आमच्या सगळ्या स्क्रिप्ट पर्लमध्ये. त्यामुळे हे दोन्ही जोडायचं कसं हा प्रश्न नवीन आलेली पोरं दर हंगामात विचारतात, तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवतोय.

मुळात पर्लमधून सी कॉल करायची गरजच काय?

दोन कारणं. एक म्हणजे काम आधीच सी मध्ये करून ठेवलेलंय आणि ते परत लिहिणं शक्य नाही, जसं आमच्या काट्याचं. दुसरं म्हणजे स्पीड, म्हणजे लाखो आकड्यांवर तोच हिशोब परत परत करायचा असेल तर. माझ्या अनुभवात दहापैकी नऊ वेळा पहिलं कारण असतं. स्पीडसाठी सी कडे पळण्याआधी प्रोफाइलर (कुठे किती वेळ जातो ते दाखवणारं साधन) लावून बघा, बऱ्याचदा खरा वेळ डेटाबेसमध्ये नाहीतर फाईल वाचण्यात जात असतो.

आधी सीपॅनवर शोधायचं का?

हो, आणि नीट शोधायचं. सीपॅन म्हणजे पर्लच्या तयार मॉड्यूलचा इंटरनेटवरचा साठा, तो १९९५ पासून आहे आणि प्रसिद्ध सी लायब्ररींपैकी बहुतेकांना कोणीतरी आधीच जोडून ठेवलंय. एक्सएमएल साठी लिबएक्सएमएल, एसक्यूलाइट साठी डीबीडी एसक्यूलाइट, झिप साठी कॉम्प्रेस रॉ झेडलिब, हे सगळे आतून सी च आहेत. तुम्ही रोज वापरता ते लिस्ट युटिल सुद्धा सी मध्येच लिहिलेलंय. तिथे मिळालं तर खालचं काहीही वाचायची गरज नाही.

मार्ग कुठले आहेत आणि मी कुठला घेऊ?

जुना आणि पक्का मार्ग म्हणजे एक्सएस. पर्ल ५ ऑक्टोबर १९९४ मध्ये आलं तेव्हापासून सी ची मॉड्यूल बाहेरून जोडायची हीच पद्धत आहे. यात तुम्ही एका वेगळ्या छोट्या भाषेत सांगता की हे फंक्शन, त्याला हे आर्ग्युमेंट, उत्तर या प्रकारचं, आणि एक्ससबपीपी नावाचा प्रोग्राम त्याचं सी मध्ये रूपांतर करतो, मग ते कंपाइल होतं.

दुसरा मार्ग इनलाइन सी. सी चा कोड सरळ पर्लच्या फाईलमध्ये लिहायचा, पहिल्यांदा चालवलं की तो कंपाइल होतो, पुढच्या वेळी तीच तयार फाईल लोड होते, कोड बदलला की परत कंपाइल.

तिसरा एफएफआय प्लॅटिपस, ग्रॅहम ऑलिस यांचं मॉड्यूल. याच्या आत लिबएफएफआय आहे, म्हणजे प्रोग्राम चालू असताना कंपाइल झालेली फंक्शन्स बोलवून देणारी लायब्ररी. इथे तुमच्या बाजूला सी लिहायचं नाही, कंपाइल करायचं नाही, फक्त पर्लमध्ये सांगायचं की या एसओ फाईलमधलं (लिनक्सवरची कंपाइल केलेली लायब्ररी म्हणजे एसओ) अमुक फंक्शन, हे टाइप घेतं, हा टाइप परत देतं.

स्विग पण आहे, जोडणीचा कोड आपोआप बनवून देणारं, डेव्हिड बीझली यांनी सुरू केलेलं, पण ते एकाच लायब्ररीला पर्ल, पायथन, जावा अशा अनेक भाषांमधून वापरायचं असेल तरच घ्या.

माझं स्पष्ट मत : यंत्राबरोबर आलेली तयार लायब्ररी असेल तर प्लॅटिपस. स्वतःचं पन्नास ओळींचं सी असेल तर इनलाइन. मॉड्यूल सीपॅनवर टाकायचंय किंवा पर्लच्या हॅश-अ‍ॅरेंमध्ये सी मधून खोलवर हात घालायचाय तर एक्सएस शिका.

फक्त एसओ फाईल आणि हेडर आहे. सुरुवात कुठून करू?

पर्ल उघडूच नका आधी. टर्मिनलवर एलडीडी कमांडला ती फाईल द्या, तिला अजून कुठल्या लायब्ररी लागतात ते दिसेल, एखाद्यापुढे नॉट फाउंड आलं तर ते आधी मिटवा. मग एनएम कमांड डॅश कॅपिटल डी लावून चालवा, म्हणजे बाहेरून कॉल करता येतील अशी नावं दिसतील. हेडरमधलं फंक्शन त्या यादीत आहे का ते डोळ्याने बघा.

मग सगळ्यात साधं फंक्शन निवडा, शक्यतो व्हर्जन नंबर देणारं, ज्याला आर्ग्युमेंट नाही आणि जे एक इंट परत देतं. ते चाललं की पाया बसला. लायब्ररी हाताशी नसेल तर सरावासाठी प्लॅटिपसच्या लिब मध्ये अनडेफ द्या आणि एसक्यूआरटी (वर्गमूळ) नाहीतर स्ट्रलेन (स्ट्रिंगची लांबी) अटॅच करून, म्हणजे पर्लच्या नावाला जोडून, बघा, ही फंक्शन्स चालू प्रोसेसमध्येच सापडतात.

एक फसवी गोष्ट : एलडी लायब्ररी पाथ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल स्क्रिप्टच्या आत सेट करून उपयोग होत नाही, कारण लोडर तो प्रोसेस सुरू होतानाच वाचतो. बाहेर शेलमध्ये सेट करा नाहीतर एलडीकॉन्फिगमध्ये फोल्डर टाका. टर्मिनलवर चालतं आणि क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारी सोय) चालत नाही या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

हेडरमध्ये फंक्शन दिसतंय, तरी सापडत नाही म्हणतंय, असं का?

पहिली शक्यता, ते फंक्शन नाहीच, मॅक्रो आहे. हॅश डिफाइन केलेली गोष्ट कंपाइल होताना विरघळून जाते, एसओ मध्ये तिचं नावही उरत नाही. प्लॅटिपसला ती कधीच सापडणार नाही, एक्सएस किंवा इनलाइनने मात्र चालते कारण तिथे खरा सी कंपाइलर हेडर वाचतो. दुसरी शक्यता, लायब्ररी सी प्लस प्लस ची आहे. एनएम मध्ये नाव अंडरस्कोअर झेड ने सुरू होऊन लांबलचक दिसलं की समजायचं. मग बनवणाऱ्याला सांगा एक्सटर्न सी लावून द्या, किंवा स्वतः मधे एक छोटं आवरण लिहा.

चुकीचा टाइप दिला तर एरर येईल ना?

नाही येणार, आणि हे पहिल्या दिवशीच डोक्यात बसलं पाहिजे. कंपाइल झालेल्या एसओ फाईलमध्ये सी फंक्शनचं नाव असतं, त्याला काय लागतं हे नसतं. प्लॅटिपस हेडर वाचत नाही, तुम्ही सांगाल ते खरं मानतं.

६४ बिट लिनक्सवर, नेहमीच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरवर, इंट (पूर्णांक) आणि पॉइंटर (मेमरीतला पत्ता) एका गटाच्या रजिस्टरमधून, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यांतून, जातात आणि डबल (दशांश आकडा) वेगळ्याच गटातून. तुम्ही डबलच्या जागी इंट लिहिलं तर तुमचा आकडा एका रजिस्टरमध्ये जाऊन बसतो आणि फंक्शन दुसऱ्यातच बघतं, तिथे आधीचं जे काही पडलेलं असेल ते उचलतं. प्रोग्राम पडत नाही, वॉर्निंग नाही, फक्त वजन चुकीचं येतं. पॅकहाऊसमध्ये चुकीचं वजन म्हणजे बागायतदाराच्या पैशाचा प्रश्न आहे, म्हणून आमच्याकडे नियम आहे की हेडरमधली मूळ ओळ जशीच्या तशी कमेंट म्हणून वर लिहायची आणि तिच्याखाली अटॅचची ओळ, आणि दुसऱ्या माणसाने ती ताडून बघायची.

लाँग या टाइपबद्दल पण जपून. ६४ बिट लिनक्सवर तो ८ बाइटचा, विंडोजवर ४ चा.

मराठी मजकूर पाठवला की गडबड का होते?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे कारण यावर आमची अख्खी रात्र गेली होती. लेबल प्रिंटरची लायब्ररी होती, तिच्यात गावाच्या नावाला १६ बाइटची जागा. ऑफिसमध्ये आम्ही "नाशिक" टाकून टेस्ट केलं, लेबल एकदम छान आलं. दुसऱ्या दिवशी साइटवर पहिल्याच लॉटला "दिंडोरी" टाकलं आणि स्क्रिप्ट सेगफॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लावल्याची एरर) देऊन बंद, खाली क्रेटची रांग लागलेली.

आता मोजा. नाशिक शब्दात न, काना, श, वेलांटी, क असे ५ कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडमधली सुटी चिन्हं, आहेत. देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतो, म्हणजे १५, आणि सी ची स्ट्रिंग संपल्याची खूण असलेला शून्य बाइट धरून बरोब्बर १६. दिंडोरी मध्ये द, वेलांटी, अनुस्वार, ड, ओकार, र, वेलांटी असे ७, म्हणजे २१ बाइट अधिक १. लायब्ररी आत न मोजता कॉपी करत होती, त्यामुळे वरचे ६ बाइट शेजारच्या मेमरीवर सांडले. नाशिकऐवजी आधी सिन्नर टाकून बघितलं असतं तरी १८ बाइट होऊन ऑफिसमध्येच कळलं असतं.

पर्लमध्ये यूज यूटीएफ-८ लिहिलं असेल तर लेंग्थ फंक्शन नाशिकला ५ सांगतं, सी चं स्ट्रलेन १५ सांगतं, आणि आपण वाचताना तीन अक्षरं मोजतो. तिन्ही बरोबर आहेत, मोजायची वस्तू वेगळी आहे. म्हणून सी कडे पाठवायच्या आधी एन्कोड मॉड्यूलने स्वतः बाइट बनवा, त्या बाइटची लांबी तपासा, मगच पाठवा. परत आलेल्या बाइट डीकोड करा. पर्ल आतमध्ये स्ट्रिंग कशी ठेवतं यावर भरवसा ठेवू नका, एकच स्ट्रिंग दोन वेगळ्या पद्धतीने ठेवलेली असू शकते.

नुसतं १५ बाइटवर कापून पण भागत नाही, लेबलवर "दिंडो" छापून येतं. आम्ही शेवटी गावाचं नाव काढून तिथे बागायतदाराचा नोंदणी कोड टाकला आणि नाव वेगळ्या मोठ्या फील्डमध्ये नेलं.

स्ट्रक्ट कसं पाठवायचं?

स्ट्रक्ट म्हणजे वेगवेगळ्या टाइपच्या व्हॅल्यूंचं एकत्र बांधलेलं गाठोडं. आमच्या काट्याचं उदाहरण घ्या. हेडरमध्ये एक कॅरेक्टर स्टेटससाठी, मग एक डबल वजनासाठी, मग एक इंट क्रमांकासाठी. बेरीज करणारा म्हणेल १ अधिक ८ अधिक ४, म्हणजे १३. खरा साइज २४ आहे, कारण डबलला ८ च्या पटीतल्या जागेवर बसायचं असतं म्हणून कंपाइलर स्टेटसनंतर ७ बाइट रिकामे सोडतो, आणि शेवटी पूर्ण स्ट्रक्ट ८ च्या पटीत यावं म्हणून अजून ४. क्रेटमध्ये घड नीट बसावेत म्हणून मधे कागद घालतो तसंच.

पर्लच्या पॅक-अनपॅकने (व्हॅल्यूंचे बाइट बनवणारी आणि उलटं करणारी फंक्शन्स) करत असाल तर ही रिकामी जागा तुम्हाला सांगावी लागते, टेम्प्लेटमध्ये स्मॉल एक्स, उद्गारचिन्ह आणि ८ लिहिलं की पुढच्या ८ च्या पटीपर्यंत सरकतं. प्लॅटिपसचं रेकॉर्ड मॉड्यूल वापरलं तर ते स्वतः सांभाळून घेतं. तरीसुद्धा चार ओळींचा सी प्रोग्राम लिहून साइझऑफ (एकूण साइज) आणि ऑफसेटऑफ (प्रत्येक फील्ड कुठे सुरू होतं) छापून बघा आणि पर्लमधल्या आकड्याशी जुळवा. पाच मिनिटांचं काम आहे, टाळू नका.

मेमरी कोणी फ्री करायची?

प्रत्येक पॉइंटरबद्दल हा प्रश्न विचारा आणि उत्तर लिहून ठेवा, बाकी सगळं याच्यापुढे सोपं आहे.

समजा सी फंक्शन स्ट्रिंग परत देतं. ती लायब्ररीच्या आतली कायमची स्ट्रिंग असेल तर तुम्ही फ्री करायची नाही, केली तर प्रोग्राम पडेल. आणि प्रत्येक कॉलला नवीन मॅलॉक करून (म्हणजे नवी मेमरी मागून) देत असेल तर तुम्ही फ्री केलीच पाहिजे, म्हणजे ती मेमरी परत केली पाहिजे, नाहीतर दिवसभर चालणारी स्क्रिप्ट संध्याकाळपर्यंत फुगते. प्लॅटिपसमध्ये रिटर्न टाइप स्ट्रिंग लिहिला तर ते मजकुराची कॉपी पर्लला देतं आणि मूळ पॉइंटर हातातून जातो, म्हणजे फ्री करायचा म्हटलं तरी करता येत नाही. अशा वेळी रिटर्न टाइप ओपेक (कच्चा पॉइंटर) लिहा, पॉइंटर आकड्यासारखा हातात येईल, तो स्ट्रिंगमध्ये कास्ट करून मजकूर घ्या आणि मग फ्री करा. आणि फ्री करताना लायब्ररीने स्वतःचं वेगळं फंक्शन दिलं असेल तर तेच वापरा, ज्याने दिलं त्यालाच परत. विंडोजवर तर दोन डीएलएल चे मॅलॉक वेगवेगळे असू शकतात, एकाचं दुसऱ्याने सोडलं की गेलं.

उलट बाजूने पण तेच. पर्लची स्ट्रिंग सी ला दिली आणि सी ने तो पॉइंटर पुढच्यासाठी जपून ठेवला, तर पर्लने ती स्ट्रिंग मधल्या काळात बदलली किंवा सोडली असू शकते.

हँडल देणारी लायब्ररी असेल, म्हणजे ओपन केलं की पॉइंटर आणि शेवटी क्लोज, तर त्या पॉइंटरभोवती पर्लचा एक छोटा क्लास करा आणि त्याच्या डिस्ट्रॉय मेथडमध्ये क्लोज टाका. मग मधेच डाय झालं तरी काट्याचा पोर्ट अडकून राहत नाही.

एक्सएस फार अवघड आहे का?

पहिले दोन दिवस हो. एचटूएक्सएस कमांड सांगाडा बनवून देते, त्यात मेकफाईल डॉट पीएल, एक्सएस फाईल, पीएम फाईल, टेस्टचं फोल्डर सगळं येतं, आणि पर्लसोबतच येणारं पर्लएक्सएसट्यूट हे डॉक्युमेंट उदाहरणं करत करत वाचलं तर हात बसतो. साध्या इंट-डबलच्या फंक्शनला फक्त दोन-तीन ओळी लागतात, टाइपमॅप (सी आणि पर्लचे टाइप एकमेकांत बदलायचे नियम) बाकीचं करतो.

खरी शिकायची गोष्ट रेफरन्स काउंट. पर्लची प्रत्येक व्हॅल्यू, मग ती साधी असो की अ‍ॅरे, किती जणांनी धरून ठेवलीय याचा आकडा सोबत बाळगते, आकडा शून्य झाला की ती जाते. एक्सएस फंक्शनने एसव्ही (पर्लची साधी व्हॅल्यू) पॉइंटर परत दिला तर तो आपोआप मॉर्टल होतो, म्हणजे काम झालं की आकडा एकाने कमी होतो. एव्ही किंवा एचव्ही, म्हणजे अ‍ॅरे किंवा हॅश परत दिला तर जुन्या टाइपमॅपमध्ये हे होत नाही आणि प्रत्येक कॉलला थोडी मेमरी गळते. तिथे स्वतः एसव्ही-टू-मॉर्टल लावायचं. हे माहीत नसल्यामुळे गळणारी मॉड्यूल मी बरीच बघितलीत.

इनलाइन सी हाताने चालवलं की चालतं, क्रॉनमध्ये का पडतं?

कंपाइल झालेली फाईल अंडरस्कोअर इनलाइन नावाच्या फोल्डरमध्ये जाते. क्रॉन दुसऱ्या फोल्डरमधून, कधी दुसऱ्या युजरने चालवतो, त्याला ते फोल्डर सापडत नाही आणि नवीन बनवायची परवानगी नसते. डिरेक्टरी ऑप्शनमध्ये पूर्ण पाथ द्या, संपला विषय. आणि तुमचं एखादं फंक्शन अनडिफाइन्ड सबरूटीन म्हणून येत असेल तर त्याच्या आर्ग्युमेंटमध्ये इनलाइनला न कळणारा टाइप आहे, ते अशी फंक्शन्स गुपचूप सोडून देतं.

सी ने माझं पर्लचं फंक्शन परत कॉल करायचं असेल तर?

प्लॅटिपसमध्ये क्लोजर, म्हणजे सी ला बोलवता येईल असं पर्लच्या फंक्शनचं आवरण, बनवून देता येतं. फक्त ते क्लोजर कुठल्यातरी व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा किंवा स्टिकी (कायम जिवंत राहील असं) करा. सबरूटीन संपलं आणि व्हेरिएबल गेलं की सी कडे मेलेला पत्ता उरतो, आणि पुढचं वजन आल्याक्षणी सेगफॉल्ट. दुसरं म्हणजे लायब्ररी स्वतःचा थ्रेड काढून तिथून कॉलबॅक करत असेल तर सरळ थांबा, पर्लचा इंटरप्रिटर असा परक्या थ्रेडमधून बोलवता येत नाही. छोटा सी प्रोग्राम लिहा जो आलेलं वजन पाइपवर टाकेल, आणि पर्ल तो पाइप वाचेल.

स्पीड किती वाढतो?

कॉल करण्याचाच काही खर्च आहे. लाख वेळा छोटं फंक्शन बोलवण्यापेक्षा एकदा पूर्ण यादी पाठवा. प्लॅटिपसमध्ये मोठा अ‍ॅरे दिला की त्याची कॉपी सी कडे जाते आणि कॉल झाल्यावर परत पर्लमध्ये येते, त्यामुळे खूप मोठा डेटा असेल तर पॅक करून बफर म्हणून द्या. आणि फंक्शन ऑब्जेक्टवरून कॉल करण्यापेक्षा अटॅच केलेलं जलद असतं.

सेगफॉल्ट आला. आता काय करू?

घाबरू नका आणि अंदाजाने ओळी बदलत बसू नका. जीडीबी (डीबगर) मध्ये आर्ग्ज लावून पर्ल आणि तुमची स्क्रिप्ट द्या, रन करा, पडलं की बीटी (बॅकट्रेस) टाइप करा. कुठल्या फंक्शनमध्ये पडलं ते कळतं. ते लायब्ररीचं फंक्शन असेल तर तुम्ही दिलेलं आर्ग्युमेंट तपासा, फ्री मध्ये असेल तर दोनदा सोडलंय का बघा. तरी नाही सापडलं तर व्हॅलग्रिंड (मेमरीच्या चुका शोधणारं साधन), हळू चालतं पण जिथे सांडलं तिथेच दाखवतं, आमच्या दिंडोरीचा ठावठिकाणा त्यानेच लावला.

लायब्ररीच कच्ची असेल आणि बदलून मिळणार नसेल तर तिला वेगळ्या चाइल्ड प्रोसेसमध्ये ठेवा. ती पडली तरी मुख्य स्क्रिप्ट उभी राहते आणि तिला परत सुरू करते. लायब्ररी ३२ बिट आणि पर्ल ६४ बिट असेल तेव्हाही हाच उपाय, एका प्रोसेसमध्ये ती दोन्ही कधीच बसणार नाहीत, राँग ईएलएफ क्लास म्हणून एरर येतो तो याचाच.

विंडोजवर चालेल का?

चालेल. स्ट्रॉबेरी पर्ल टाका, त्यासोबत जीसीसी कंपाइलर येतो, त्यामुळे एक्सएस आणि इनलाइन दोन्ही होतं.

पर्ल अपग्रेड केल्यावर सगळं बंद पडलं, "लोडेबल लायब्ररी अँड पर्ल बायनरीज आर मिसमॅच्ड" असं येतंय

एक्सएस मॉड्यूल ज्या पर्लने कंपाइल केलं त्याच्याशी बांधलेलं असतं. ५.३४ वरून ५.३६ वर गेलात की सगळी एक्सएस मॉड्यूल परत कंपाइल करावी लागतात, ५.३६.० वरून ५.३६.१ ला गरज नाही. प्लॅटिपस स्वतः एक्सएस आहे म्हणून ते परत टाकावं लागतं, पण त्यावर लिहिलेल्या तुमच्या स्क्रिप्टला हात लावायची गरज नाही, आणि तयार लायब्ररीसाठी मी प्लॅटिपस सुचवतो त्याचं हे एक मोठं कारण आहे. रेड हॅट घराण्यातल्या सिस्टीमवर परत कंपाइल करायला पर्ल-डेवेल पॅकेज लागतं, ते आधीच टाकून ठेवा.

आम्ही हे अपग्रेड ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत उरकतो, तेव्हा पॅकहाऊस रिकामं असतं आणि काट्यावर ठरलेली वजनं ठेवून प्रत्येक आकडा सावकाश ताडून बघता येतो. काढणी सुरू झाली की मशीनवरचं काहीही अपडेट करायचं नाही.